चार भेटींचा आधार

पोट दुखते म्हणून १३ वर्षांच्या मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेले जाते. तपासण्यांत काही निघत नाही. दुखणे मात्र शाळेच्या दिवशी सकाळी पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी पुष्कळदा शरीर मनाचे गाऱ्हाणे सांगत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो.

मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढण्यास आपण कचरतो. बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना मात्र लसीकरणापासून ओळखीचा असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ मध्ये बालरोगतज्ज्ञांना बालमनोविकारतज्ज्ञांचा सल्ला दूरध्वनीवर मिळवून देणारी योजना सुरू केली. त्या देशातील काही बालदवाखान्यांत समुपदेशकही त्याच छपराखाली बसतो. भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे, झोपेची घडी बसवणे, काळजीचे गाठोडे सोडून एकेक प्रश्न हाताळणे, एवढेच तो थोडक्या भेटींत शिकवतो.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. लेकराचे मन उकलायचे आणि चार भेटींनंतर निरोप द्यायचा, हे न्याय्य आहे काय? सेवेच्या नावाखाली ही काटकसर तर नव्हे? शंका रास्त आहे. परंतु पूर्ण उपचार मिळेपर्यंत काहीच न देणे हा त्याहून मोठा अन्याय होय. ताटकळण्यात गेलेले बालपणाचे महिने परत येत नाहीत. दोष थोडे देण्यात नाही, थोडे देऊन पुरेसे दिल्याचा आव आणण्यात आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणून भेटी किती, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे. त्याचे बोलणे गुप्त राहील, मात्र जिवाला धोका दिसल्यास आईवडिलांना कळवावे लागेल, हेही लपवू नये. दुखणे मोठे निघाले तर पुढील तज्ज्ञापर्यंत त्याला पोचते करावे. नुसती चिठ्ठी हाती देणे म्हणजे पोचवणे नव्हे.

आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही शासनाची विनामूल्य सेवा आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. तसेच डॉक्टरांनी ''आईबाबा, जरा बाहेर बसा'' म्हटले तर तो अपमान मानू नये. घरी न उमटलेला शब्द तेथे उमटला, म्हणून लेकरू परके होत नाही. चार भेटी संपल्यावर ते आपल्याच घरी परतणार आहे, आणि तेथे त्याचे ऐकून घेण्याचे काम आपलेच आहे.