पोकळ

पोकळ हा शब्द आपल्या तोंडी बहुधा उणेपणा दाखवायलाच येतो. पोकळ डौल, पोकळ वचन, पोकळ वासा असे म्हणताना आत काही असायला हवे होते आणि ते नाही, एवढीच आपली तक्रार असते. पण ज्याने फळ्यावर खडूने पोकळ अक्षर काढून पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की भरीव अक्षर एका ओघात उतरते, पोकळ अक्षराला मात्र दोन्ही काठ सांभाळत चालावे लागते.

साओ पावलोच्या रस्त्यांवरच्या अक्षरांतून मार्सेलो मागाल्याइस या ब्राझिली अक्षरकाराने 'लोंड्रिना' हे अक्षरकुटुंब रेखले. त्यात भरीव आणि छायेच्या भावंडांसोबत एक केवळ कडेचे, पोकळ, जरासे खट्याळ भावंड आहे. ते मथळ्यालाच शोभते, कारण बारीक आकारात दोन काठ एकमेकांना चिकटतात आणि आतले काही उरत नाही. पोकळीलाही जागा लागते.

आणखी आत जाऊ. संगणकातल्या फाँटमध्ये शाई नसतेच. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वळणरेषा एवढेच तिथे साठवलेले असते, म्हणजे ठळकातले ठळक अक्षरही मुळात पोकळच. त्याला पोकळ दाखवायचे, तर प्रत्येक कडेच्या आत उलट दिशेने फिरणारी दुसरी कड काढावी लागते, आणि त्या उलट फिरण्यावरूनच शाई कुठे थांबवायची हे यंत्राला कळते. भरीव रोमन 'ओ' दोन वर्तुळांत भागतो, पोकळ 'ओ'ला चार लागतात. जे रिकामे दिसते त्याला दुप्पट रेषा!

वेदान्तातले घटाकाश इथे आठवावे. घट आकाश निर्माण करत नाही, त्याला केवळ कड देतो. अक्षराच्या आतला कागद आणि बाहेरचा कागद एकच, तरी आतल्याला आपण 'अ' म्हणून वाचतो. गीतेच्या ८व्या अध्यायाला अक्षरब्रह्मयोग म्हणतात, ते अक्षर शाईचे नव्हे, हे पोकळ अक्षरापुढे बसल्यावर मला अधिक उमगले.

समर्थांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला. त्यांना काळ्या शाईचे ठसठशीत अक्षर हवे होते, पोकळ अक्षर त्यांच्या मनात नसणार, हे मान्य. तरी अक्षराच्या गुणांत त्यांनी 'मोकळे' हाही गुण घातला, आणि पोकळ ते मोकळे हे अंतर जेमतेम एकदोन वर्णांचेच आहे.

हे अंतर देवनागरीत फार जाणवते. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, आपली शिरोरेषेने हात धरून चालतात. म्हणून प्रत्येक अक्षराला चहूबाजूंनी कड घातली, की जोडाजोडावर आडवी भिंत उभी राहते आणि शब्दाचे खुराडे होते. जाणता अक्षरकार शिरोरेषेची दोन्ही टोके उघडी ठेवतो, काना-मात्रा जिथे येऊन मिळतात तिथली मधली रेघ पुसतो, आणि मग पहिल्या अक्षराच्या माथ्यावरची पोकळी कुठेही न अडता शेवटच्या अक्षरापर्यंत वाहत जाते.