शेवटच्या ओळीतले पाच जण

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात विद्यापीठाचं एक गाव होतं. गाव लहान, विद्यापीठ मोठं, आणि विद्यापीठाच्या मैदानाचा लौकिक त्याहून मोठा. पानगळीच्या दिवसांत शनिवार उजाडला की दुकानं ओस पडत आणि सगळ्या वाटा मैदानाकडे वळत. तिथे कॉलेज फुटबॉलचे सामने होत. आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल तो नव्हे. लंबगोल चेंडू छातीशी धरायचा आणि समोरची भिंत फोडत शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकायचं, असा तो खेळ. वर्षात गावात होणारे सामने अवघे सात. म्हणून एकेका शनिवारची वाट पोरं महिनोन्‌महिने पाहत.

मैदानाचा एक भाग विद्यार्थ्यांसाठी राखलेला होता. तिथे सलग बाकं होती. अगदी पुढच्या बाकावर बसलं, तर थंडीत खेळाडूंच्या तोंडातून निघणारी वाफही दिसे. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात मात्र वारा झोंबे, आणि गुणफलकाचा खांब नेमका नजरेच्या आड येई. तिकीट सगळ्यांचं सारखंच होतं आणि नियमही एकच होता: जो आधी येईल, तो पुढे बसेल.

नियम दिसायला सरळ होता. त्यात श्रीमंत-गरीब नव्हतं, वशिला नव्हता. पण आधी कोण येऊ शकतं, हे कोणी विचारलं नव्हतं. ज्याला शनिवारी सकाळी काम नाही, जो पहाटेपासून दारात उभा राहू शकतो, ज्याचे पाय धड आहेत, तोच आधी येई. बाकीच्यांना मान उंचावून खेळ पाहावा लागे, आणि चूक आपलीच आहे असं वाटून ते गप्प बसत.

एका शनिवारी दार उघडलं आणि गर्दी आत लोटली. पायऱ्यांवर पहिल्या वर्षाची एक मुलगी पडली. तिचं मनगट मोडलं. मागची पोरं वेळेत थांबली, म्हणून तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने पाच विद्यार्थ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "जागा तुमच्या आहेत. त्या कशा वाटायच्या, ते तुम्हीच ठरवा."

पाच जण जमले. नोंदी ठेवायला तिकीटखिडकीवरच्या बाई येऊन बसल्या. चाळीस वर्षं त्या त्याच खिडकीत होत्या. निवृत्तीला एक हंगाम उरला होता.

पहिला बोलला चौथ्या वर्षाचा मुलगा. तो म्हणाला, "जागा ज्येष्ठतेने द्याव्यात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सोमवारी शेवटच्या वर्षाची मुलं तिकिटं उचलतात, मंगळवारी तिसऱ्या, बुधवारी दुसऱ्या आणि गुरुवारी पहिल्या वर्षाची. तिथले विद्यार्थी सबंध सामना उभं राहून पाहतात. 1922 च्या जानेवारीत त्यांच्या संघातले खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते. तेव्हा किंग गिल नावाचा एक विद्यार्थी प्रेक्षकांतून खाली आला आणि गणवेश चढवून मैदानाच्या कडेला तयारीत उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही, पण तो शेवटपर्यंत उभा होता. तेव्हापासून तिथला प्रत्येक विद्यार्थी स्वतःला संघाचा बारावा खेळाडू मानतो. ज्याने अधिक वर्षं साथ दिली, त्याचा मान अधिक. आणि पहिल्या वर्षाचा आज मागे बसला, तरी उद्या पुढे येणारच आहे."

एकही सामना न चुकवणारी तिसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "वर्षं मोजण्यापेक्षा हजेरी मोजा. अलाबामा विद्यापीठाने 2019 मध्ये फोनवरून हजेरी मोजायला सुरुवात केली. जो सामन्याला येतो त्याला गुण, आणि जो शेवटच्या सत्रापर्यंत थांबतो त्याला आणखी गुण. गुण जास्त असतील, त्याला पुढच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत आधी वाटा. आपला संघ हरायला लागला की निम्मी पोरं उठून जातात. मी एकदाही उठलेले नाही."

पहिल्या वर्षाचा मुलगा रांगेत रात्र काढण्यात पटाईत होता. तो म्हणाला, "आत्ताचाच नियम ठेवा. दार फक्त नीट सांभाळा. ज्याला खरी ओढ आहे, तो थंडीत उभा राहील. ओढ मोजायला याहून चांगलं माप कोणतं?"

चौथी मुलगी एका मोठ्या वसतिगृहाची पुढारी होती. ती म्हणाली, "एकट्याने सामना पाहण्यात काय राम आहे? आधी मोठ्या गटांना सलग बाकं द्या. आम्ही साठ जण एका सुरात ओरडतो, तेव्हा मैदान दणाणतं."

पाचवा मुलगा भोजनगृहात काम करून शिकत होता. शनिवारी सकाळी नाश्त्याची पाळी संपवून भांडी घासून झाल्यावर तो मैदानावर येई. तो एवढंच म्हणाला, "चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी कोणाचं घड्याळ पाहत नाही."

वाद रंगला. एकाने सांगितलं, की मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून जास्त लोक बसतात. तिथे 2013 मध्ये ठरलेल्या जागा काढून 'आधी येईल तो पुढे' असं केलं, तेव्हा विद्यार्थी इतके नाराज झाले, की पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला. दुसरीने विस्कॉन्सिन विद्यापीठाची आठवण दिली. 30 ऑक्टोबर 1993 रोजी तिथे सामना जिंकल्याच्या आनंदात विद्यार्थी मैदानाकडे लोटले, कठडे मोडले, आणि सत्तरहून अधिक जण जखमी झाले. रात्र होत आली, तरी कोणी कोणाचं ऐकेना. नवल म्हणजे प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं थोडं खरं होतं.

शेवटी बाईंनी आपली वही त्यांच्यासमोर सरकवली. डाव्या बाजूला पाच जणांचे पाच नियम लिहिले होते. उजव्या बाजूला, त्या त्या नियमाने तो नियम मांडणाऱ्याला कोणती जागा मिळेल, ते लिहिलं होतं. चार नियमांसमोर एकच शब्द होता: पुढची. पाचव्यासमोर लिहिलं होतं: आजच्यापेक्षा बरी.

पाचही जणांचे चेहरे उतरले. ज्येष्ठ मुलगा म्हणाला, "बाई, आम्ही खोटं नाही बोललो."

"नाही बोललात," बाई म्हणाल्या. "माणूस आपल्या सोयीचं बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. म्हणून तर ते त्याच्या ध्यानात येत नाही. तुम्ही हवा तो नियम करा, मी काही सुचवणार नाही. फक्त एक गोष्ट मान्य करा. सगळ्यांना जागा वाटून झाल्यावर ज्या पाच उरतील, त्या तुमच्या."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग वसतिगृहाची पुढारी उठली. "उरणाऱ्या जागा आहेत तरी कशा, ते आधी पाहू या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच जण रिकाम्या मैदानाच्या पायऱ्या चढले. वर जाईपर्यंत धाप लागली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या ओळीत ते बसले, तेव्हा खांबाने मैदानाचा एक कोपरा गिळलेला दिसला. ज्येष्ठ मुलगा म्हणाला, "चार वर्षांत मी इथे कधी आलोच नाही."

"मी दर शनिवारी इथेच असतो," भोजनगृहातला मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "इथे घोषणा नीट ऐकू येत नाहीत. प्यायचं पाणी खाली आहे. वरच्या वीस पायऱ्यांना कठडा नाही, पावसात मी तिथे दोनदा घसरलोय. पण इथे एक गोष्ट मिळते. खाली बसणाऱ्याला चेंडू दिसतो, इथून डाव दिसतो. कोण कुठून सुटणार, कोण कोणाला अडवणार, सगळं पटासारखं मांडलेलं असतं. म्हणून तर संघाचे काही प्रशिक्षकही उंचावर बसतात. मला उद्या पुढची जागा दिलीत तर मी आनंदाने घेईन, पण दर वेळी नको."

हे बाकीच्या चौघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. आणखी चार सामने असेच गेले असते तरी कळलं नसतं, कारण त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर त्यांचं बोलणं बदललं. जागा आता नुसत्या मानाची गोष्ट राहिली नव्हती, उरलेली जागा आपल्याच वाट्याला येणार होती. आधी त्यांनी विद्यापीठाकडून वरच्या पायऱ्यांना कठडा बसवून घेतला आणि वर पाण्याची सोय करून घेतली. खांबाआडच्या बाकांवर कोणालाही बसवायचं नाही, असं ठरवलं. नंतर वाटप केलं. चाकाच्या खुर्चीवरचे, कुबड्या घेऊन येणारे आणि त्यांचे सोबती यांच्या सोयीच्या जागा आधीच बाजूला काढल्या. त्यांना नशिबावर सोडायचं नाही. उरलेल्यांना विचारलं, की पुढे बसायचंय की वरून डाव पाहायचाय. वर बसायला आवडेल म्हणणारे कोणाच्याही अंदाजापेक्षा जास्त निघाले. पुढच्या जागांसाठी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढायच्या. मित्रमैत्रिणींना सहा जणांपर्यंत एक चिठ्ठी टाकता येईल. एकदा पुढे बसलेल्याचं नाव, बाकीच्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा चिठ्ठीत नाही. तिकिटावर बाकाचा आकडा छापायचा, म्हणजे धावायला नको. येणं जमत नसेल, तर गुरुवारपर्यंत तिकीट परत करावं, त्याचा दंड नाही. पण न कळवता जागा रिकामी ठेवणाऱ्याची पाळी शेवटी जाईल. आणि गावातला हंगामाचा शेवटचा सामना मात्र शेवटच्या वर्षाच्या मुलांचा. त्या दिवशी पुढची बाकं त्यांची, कारण त्यांना पुढचं वर्ष नव्हतं.

पाचांपैकी प्रत्येकाचं थोडं त्यात आलं होतं. पुरतं कोणाचंच आलं नव्हतं.

मग जुन्या प्रतिस्पर्ध्याशी होणारा मोठा सामना आला. आदल्या रात्री ज्येष्ठ मुलाचा जिवलग मित्र त्याच्या खोलीवर आला. "यादी तुझ्या हातात आहे," तो म्हणाला. "एक नाव वर सरकव. कोणाला कळणार आहे? चार वर्षं आपण या सामन्याची वाट पाहिली."

मुलाने यादी उघडली. नाव सरकवायला जागा शोधू लागला. पण एक नाव वर घ्यायचं, तर दुसरं खाली ढकलावं लागत होतं. पहिल्या ओळीतलं एक नाव त्याने वाचलं. मनगट मोडलेली तीच मुलगी होती. तिला चिठ्ठी लागली होती. त्याने यादी मिटली आणि म्हणाला, "कोणालाच कळणार नाही. पण उद्या शिट्टी वाजेल तेव्हा माझं लक्ष खेळाकडे राहणार नाही."

शनिवारी मैदान भरलं. पाच जण शेवटच्या ओळीत बसले. वारा तसाच झोंबत होता. थोड्या वेळाने दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तिकीट नाचवत पायऱ्या चढून आला. त्याला पुढची जागा हवी होती, आणि मिळाली होती शेवटून दुसरी ओळ. "ज्यांनी हा नियम केला, ते कुठे बसलेत ते मला पाहायचंय!" तो ओरडतच आला.

वर येऊन त्याने पाहिलं. पाच जण त्याच्या मागच्या बाकावर, गळपट्टे कानांवर ओढून बसले होते. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या तिकिटाकडे, आणि मग आपल्या बाकावर बसला. काही वेळाने मागे वळून त्याने विचारलं, "तो उजवीकडचा गडी मोकळा कसा सुटला?"

भोजनगृहातला मुलगा पुढे वाकला आणि बोट दाखवून त्याला डाव समजावू लागला.

त्या हंगामात सगळे खूश झाले असं नाही. पुढच्या जागा कमी आणि माणसं जास्त, हे गणित कोणत्याही नियमाने सुटत नाही. पण दारात रेटारेटी झाली नाही, आणि जागेवरून भांडण झालं नाही. ज्याला मागची जागा मिळे, तो मान वळवून वर पाही. नियम करणारे त्याच्याही मागे बसलेले असत.

हंगाम संपला तेव्हा बाईंनी खिडकीच्या किल्ल्या परत केल्या. नव्या कारकुनासाठी त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून ठेवली होती: "आपलं तिकीट सगळ्यात शेवटी फाड."

आपल्याकडे पंगतीत ही रीत पूर्वापार आहे. वाढपी सगळ्यांना वाढतो आणि शेवटच्या पंगतीला जेवायला बसतो. म्हणूनच कोणाच्या पानात काय कमी पडलं, ते त्याला दिसतं, आणि चार घास कमी मिळाले तरी जेवणारा त्याच्यावर रागावत नाही. माणूस मागची जागा सोसतो. फसवणूक त्याला सोसवत नाही.

तात्पर्य: ज्याच्या हाती वाटप असेल, त्याने आपला वाटा शेवटी घ्यावा. तेव्हाच वाटप न्यायाचं होतं, आणि ते न्यायाचं आहे यावर लोकांचा विश्वासही बसतो.