साचा आणि सुटका

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, माझा एक जुना विद्यार्थी इंदिरानगरातल्या आमच्या घरी आला. वाकून नमस्कार केला आणि मिठाईच्या खोक्याऐवजी माझ्या हातात बर्फाचा एक ट्रे ठेवला. पांढरट प्लास्टिकचा, दोन ओळींत खण पाडलेला, अगदी साधा. "सर, हा मी काढलाय," तो म्हणाला. चित्र काढावे तसे 'काढलाय'. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये तो साचे आखतो. घरगुती फ्रिजमधल्या बर्फाचा ट्रे हे त्याचे अलीकडचे काम. सौभाग्यवतींनी ट्रे उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "यात काढण्यासारखं काय आहे रे? पाणी ओतलं की बर्फ होतो." तो नुसता हसला. प्रश्न मलाही तोच पडला होता. पण मास्तर असल्यामुळे मी तो विचारला नाही.

आमच्या लहानपणी बर्फ ही मागून आणायची वस्तू होती. आळीत एखाद्याच घरी फ्रिज असे. उन्हाळ्यात पाहुणे आले की आई हातात स्टीलचे पातेले देऊन मला शेजारी पिटाळी. शेजारच्या काकू अल्युमिनियमचा ट्रे बाहेर काढीत आणि मग खरी लढाई सुरू होई. नळाखाली धर, ओट्यावर आपट, उलथन्याने टोच! एकदा तर फ्रीजरच्या तळाला चिकटलेला ट्रे सोडवताना त्यांची सुरी आतल्या नळीत घुसली, फुस्स असा आवाज झाला आणि सगळा गॅस निघून गेला. पुढे महिनाभर त्या घरचे लोणी माठाशेजारी पाण्यात बसले होते. बर्फ करणे कोणालाही जमते, सोडवणे अवघड, हा धडा मी त्या ओट्यापाशीच पाहिला होता. पण त्याचा अर्थ कळायला पाडव्याची ती सकाळ उजाडावी लागली.

"सर, आम्ही आधी बर्फ बाहेर कसा पडेल ते आखतो," चहा घेता घेता तो सांगू लागला, "पाणी आत कसं जाईल ते मागाहून."

खणाच्या भिंती सरळ उभ्या नसतात. त्या वर किंचित पसरत जातात. या उताराला त्यांच्या धंद्यात 'ड्राफ्ट' म्हणतात. तो नसेल तर खडा जागच्या जागी अडकतो. आतले कोपरे गोल ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यात बर्फ रुतून बसतो आणि प्लास्टिकलाही तिथूनच चीर जाते. दोन खणांमधल्या भिंतीवर एक खाच असते. तिच्यातून पाणी पुढे सरकून सगळे खण सारखे भरतात. खाच उथळ झाली तर शेवटचे खण कोरडे राहतात. फार खोल झाली तर खडे एकमेकांना जोडले जाऊन त्यांची साखळी होते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून वर मोकळी जागा सोडावी लागते. प्लास्टिकही असे हवे की उणे अठरा अंशांच्या थंडीत ते कडक होऊन तडकू नये. आणि मग अखेरचा पीळ. बाजूची मूठ फिरवली की ट्रे पालथा होतो. त्याचे एक टोक अडसराला टेकते, दुसरे तसेच फिरत राहते. सबंध ट्रे पिळवटतो आणि खडे खालच्या डब्यात पडतात. आपोआप चालणाऱ्या यंत्रात मुठीच्या जागी एक छोटी मोटर असते, एवढाच फरक.

"म्हणजे वाकायचं ट्रेनं, सर. खड्यानं नाही."

तो हे सहज बोलून गेला. मी मात्र तिथेच थांबलो. माणसाने बर्फाला कसे वागवले याचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. १८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. तो बर्फ गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला होता. पुढे कारखान्यांतून लाद्या निघू लागल्या. गोणपाटात, भुशात गुंडाळलेल्या त्या लाद्या टोच्याने फोडाव्या लागत. घरगुती फ्रिजबरोबर ट्रे आला, आणि १९३३ साली अमेरिकेतल्या गाय टिंकहॅम या गृहस्थाने स्टेनलेस स्टीलचा असा ट्रे केला, की जो स्वतः वाकून बर्फ सोडून देई. आपल्याकडे विक्रोळीला गोदरेजने पहिला स्वदेशी रेफ्रिजरेटर बनवला तो १९५८ साली. आमच्यासारख्यांच्या आळीपर्यंत तो यायला आणखी कितीतरी वर्षे गेली. करवत, टोच्या आणि मग पीळ! म्हणजे या कलेतली प्रगती ती काय? तर घाव बर्फाने सोसायचे ते साच्याने सोसू लागला.

मी शाळामास्तर आहे. मुलांना आकार देणे हा माझा धंदा. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणजे तिथेही माणसे घडवण्याचाच उद्योग. तेव्हा हे सारे ऐकताना मला माझी लाल शाई आठवावी, यात नवल नाही.

हा मुलगा आठवीत माझ्या वर्गात होता. 'पाऊस' या विषयावरच्या निबंधात त्याने लिहिले होते, "पाऊस आला की आमच्या पत्र्यावर कुणीतरी तांदूळ पाखडतं." मी ते वाक्य खोडले आणि समासात लिहून दिले, "पर्जन्यधारांनी धरित्री न्हाऊन निघाली." त्याने ते निमूटपणे उतरवून घेतले. पुढची तीन वर्षे मी असेच त्याला तासत राहिलो, आणि तीन वर्षे तो आंतरशालेय स्पर्धांत बक्षिसे मिळवीत राहिला. शिक्षकांच्या खोलीत मी ती बक्षिसे माझीच असल्यासारखी मिरवली. शाळा सुटली आणि त्याचे लिहिणेही सुटले.

पाडव्याच्या दिवशी मी त्याला विचारले, "हल्ली काही लिहितोस का?"

"नाही सर," चकली मोडत तो म्हणाला. "एकदोनदा बसलो होतो. पण पहिलं वाक्य येतं ते तुमचंच येतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. असती तर मला बरे वाटले असते.

मग साचा नसावाच काय? असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मुलाला मोकळे सोडा, ते आपोआप घडेल, हे त्यांचे मत मला पटत नाही. ट्रेशिवाय ओतलेले पाणी मुक्त होत नाही. ते ओट्यावरून वाहून मोरीत जाते. पाढे पाठ करावे लागतात, ऱ्हस्वदीर्घ घोटावे लागते, मोठ्यांसमोर वाकायचे कोणी तरी शिकवावे लागते. शिवाय घाईने सोडण्यातही अनर्थ आहे. अर्धवट गोठलेला खडा काढला तर वरचे कवच फुटते आणि पोटातले पाणी डब्यात सांडून तयार खड्यांनाही चिकटवून टाकते. म्हणून आपोआप चालणाऱ्या ट्रेखाली थंडी मोजणारा एक छोटा सेन्सर बसवतात. आईबापांच्या आणि मास्तरांच्या पोटाखाली असा सेन्सर नसतो, हीच तर पंचाईत आहे!

कोणी म्हणेल, मास्तर, पाण्याला स्वतःचा आकार नसतो, मुलाला असतो. तुमचा दृष्टान्त लंगडा आहे. कबूल! पण त्यामुळे माझा अपराध उलट वाढतो. ज्याला आकार नाही त्या पाण्यासाठीसुद्धा कारागीर नऊ टक्क्यांची जागा राखून ठेवतो. मी त्या मुलाच्या वहीत समासही मोकळा ठेवला नव्हता.

दिवाळीत आमच्या कॉलनीत घरोघरी पुण्यामुंबईची, परदेशातली मुले चार दिवसांसाठी येतात. ती गेली की पुष्कळ घरांतून एकच उद्गार ऐकू येतो: "एवढं केलं, पण शेवटी आमचं राहिलं नाही." मीही हे म्हटले आहे. आता वाटते, आपण केलेले काम नीट झाले याचीच ती खूण असेल. ज्यातून खडा सुटतच नाही, त्या ट्रेला कोणी प्रेमळ म्हणत नाही. तो बिघडला आहे असे म्हणतात. ज्याला दुसऱ्याला आकार द्यायचा आहे, त्याने सुटकेचा विचार पहिल्या दिवशीच करावा, आणि सुटकेची वेळ आली की वाकण्याचा त्रास स्वतः घ्यावा. मी त्याला शिकवले यात माझे चुकले नाही. त्याच्यावर माझा ठसा कायम दिसावा असे मला वाटले, तिथे चुकले.

तो निघाला तेव्हा मी त्याला म्हटले, "आज जे सांगितलंस ते मला लिहून दे."

"हे काय लेखन आहे, सर?" तो हसला.

पण तुळशीच्या लग्नानंतर एके दिवशी दोन कागद आले. ड्राफ्ट, खाच, पीळ सगळे होते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही होत्या. शेवटी एक वाक्य होते: "चाचणीच्या रात्री खडे डब्यात पडतात तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं."

माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. 'चाचणी'तला शेवटचा 'णी' त्याने ऱ्हस्व लिहिला होता. तो अजून ऱ्हस्वच आहे.