कोहक्याच्या रस्त्यावर, बसल्या जागी

पाठ टेकून बसा. पंखा चालू असेल तर राहू द्या, रस्त्यावरचे आवाज येत असतील तर येऊ द्या. या मननाला शांतता लागत नाही. थोडी वर्दळ असलेलीच बरी. श्वास मोजू नका. तो आत-बाहेर होतोय एवढं कळलं की पुरे. आता मनानं भिलाईला चला, कोहक्यात.

कोहका पाहिलं नसेल तरी अडत नाही. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दक्षिणेला भिलाईच्या पोलाद कारखान्याची टाउनशिप आहे, आखीव सेक्टरांची. रूळ ओलांडून उत्तरेला आलं की जीई रोड, मग सुपेल्याचा बाजार, आणि त्याच्याही आत कोहका. सेक्टरांत आधी रस्ते आखले गेले, माणसं मागून राहायला आली. कोहका मात्र मुळात गाव. शहर त्याच्याकडे चालत आलं.

ते कसं आलं, हे सावकाश आठवू. कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये. तेव्हा हा सारा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, ओडिशा आणि आपला विदर्भ, सगळीकडून माणसं नोकरीला आली. क्वार्टर मिळालं, मुलं मोठी झाली, आणि मग निवृत्तीच्या वेळी प्रश्न उभा राहिला की क्वार्टर सोडून जायचं कुठं. गावाकडचं घर भावांत वाटलं गेलेलं, मुलांची भाषा इथली झालेली. मग पुष्कळांनी रुळांच्या या बाजूला, नेहरू नगर, स्मृती नगर, जुनवानी, कोहका अशा भागांत प्लॉट घेतले. बऱ्याच जणांना ते आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर.

इथे थांबा. अशा एका गल्लीत उभे आहात असं समजा आणि नुसत्या पाट्या वाचा.

अशा वस्तीत पहिलं दुकान कशाचं येतं? सिमेंटचं. सळया, पाइप, नळाच्या तोट्या. घरं बांधून झाली की किराणा येतो, पिठाची चक्की येते. मग वह्या-पेनं, झेरॉक्स, शिकवणीचे फलक. मग एक दिवस मेडिकल उघडतं, त्याच्या शेजारी रक्त तपासणीचं केंद्र, आणि काही वर्षांत दुसरं मेडिकल. दुकान बदललं असं आपण म्हणतो. खरं तर गल्लीचं वय वाढलेलं असतं. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशा या पाट्या मोजता येतात. मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली की वह्यांचं दुकान चालत नाही, रक्तदाबाच्या गोळ्यांचं चालतं. यात दोष कुणाचाच नाही.

आता तुमच्या स्वतःच्या गल्लीच्या पाट्या मनात वाचा. घाई नको. कोपऱ्यावरून सुरुवात करा. ज्या शटरशी येऊन स्मरण अडखळेल, तिथे हवा तेवढा वेळ उभे राहा.

परत कोहक्यात या आणि एका किराणा दुकानात शिरा. अशी दुकानं पुष्कळदा घराच्या पुढच्या खोलीतच असतात. तीस-पस्तीस वर्षं कारखान्यात पाळ्या केलेला माणूस खोलीला शटर लावून घेतो, सकाळी तो बसतो, दुपारी सून, संध्याकाळी मुलगा. छताला टांगलेल्या शाम्पूच्या पुड्या, काउंटरवर चॉकलेटच्या बरण्या, आतल्या अंगाला तांदळाची पोती. आत कायम थोडा अंधार, आणि हिंग, साबण, गूळ यांचा मिळून एक वास. शेल्फकडे नीट बघा. मोहरीचं तेल बंगाली आणि बिहारी घरांसाठी, नारळाचं मल्याळी घरासाठी, इडलीचा रवा तेलुगू घरासाठी. मराठी बाईचा गोडा मसाला आणि भाजणी मात्र इथे सहसा मिळत नाही. ती नागपूरहून येते, कुणी येणार-जाणार असलं की पिशवीतून. कोण कुठला, हे दुकानदाराला जनगणनेपेक्षा आधी ठाऊक. कुणाकडे पाहुणे आलेत हे त्याला दुधाच्या जादा पिशवीवरून कळतं, कुणाच्या घरी मधुमेह शिरला हे बंद झालेल्या साखरेवरून.

काउंटरखाली उधारीची एक लांबट वही असे. काही ठिकाणी अजून आहे. वर घराची ओळख, खाली तारखा आणि आकडे. पगार झाला की त्या पानावर एक तिरपी रेघ पडायची. कारखान्याचा पगार म्हणजे या साऱ्या दुकानांचाही पगार होता. पुढे कारखान्यातली कायम नोकरांची संख्या घटत गेली, कामं ठेकेदारांकडे गेली. ठेक्यावरच्या माणसाचा पगार कधी होईल याची खात्री नसते, आणि मग वहीतल्या रेघाही वेळेवर पडत नाहीत.

मग २०१६ मध्ये यूपीआय आलं, पुढच्या वर्षी १ जुलैला जीएसटी. काउंटरवर एक छोटा डबा येऊन बसला. तुम्ही फोन धरता आणि तो मोठ्यानं बोलतो, ‘पचास रुपये प्राप्त हुए.’ व्यवहार संपला. दुकानदारानं मान वर केलीच पाहिजे असं उरलं नाही.

मनाला इथे हळहळायची सवय असते. तिला जरा आवरा. जुनं दुकान म्हणजे नुसती माया नव्हती. वजनात मारणारे होते, जुना माल खपवणारे होते. कुणाची उधारी किती थकलीय हे काउंटरवर चारचौघांत ऐकवलं जायचं, आणि ते ऐकायला बहुधा घरातली बाई उभी असायची, पगार उडवणारा नवरा नव्हे. तिला तो बोलणारा डबा बराच वाटत असेल. मोबाइलवरून मागवलेला खोका दारात येतो तेव्हा तिला कुणी काही विचारत नाही. ही सुटकासुद्धा खरी आहे. दोन्ही एकत्र मनात धरून बसता येतंय का पाहा. निवाडा करायचा नाही. मला स्वतःला विचाराल तर मी वहीच्या बाजूचा आहे, पण त्या बाईला विचारल्याशिवाय हे बोलायचा मला फारसा हक्क नाही.

आता बाहेर या, रस्त्याच्या कडेला. जमिनीवर पोतं अंथरून बाया बसल्या आहेत. इथे त्याला पसरा म्हणतात. लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याच्या शेंगा. तुम्ही वाकलात की विचारतात, ‘का चाही?’ यांच्या पसऱ्याला पाटी नाही, शटर नाही, म्हणून बदलाच्या कुठल्याच हिशेबात त्या येत नाहीत. पोळ्याच्या सुमाराला, म्हणजे इथल्या पोऱ्याला, याच कडेला मातीचे चाकांचे बैल मांडले जातात, आणि मुलींसाठी मातीची इवलीशी जाती न् चुली. नागपूरकडच्या माणसाला तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आठवतात आणि पाय थबकतात. चार-आठ दिवसांचं दुकान, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी. पलीकडे दोनदा पाटी बदललेली असते.

हळूहळू परत फिरा. वाटेत तुमच्या आयुष्यातली दुकानं भेटतील, त्यांना भेटा. शाळेच्या दिवसांत सुटे नव्हते म्हणून ‘उद्या दे’ म्हणणारा. रात्री अर्धं शटर वर करून तापाचं औषध देणारा. तुम्ही परगावी गेलात तेव्हा घराची किल्ली ज्याच्या गल्ल्यात राहिली तो. त्यांच्यातल्या कितींची नावं येतात? पुष्कळांना आपण फक्त त्यांच्या मालानं ओळखत होतो: दूधवाले, चक्कीवाले, मेडिकलवाले. त्यांच्या वहीत मात्र आपलं नाव होतं.

डोळे मिटले असतील तर उघडा. आणि बदली झाली, घर बदललं, म्हणून कोपऱ्यावरच्या कुणाची उधारी द्यायची राहून गेली असेल, अन् तो माणूस अजून तिथेच बसत असेल, तर या आठवड्यात जाऊन देऊन या. फोनवरून पाठवू नका.