करारावर संपलेली लढाई

'द मेट्रिक्स रेव्होल्यूशन्स' ५ नोव्हेंबर २००३ रोजी जगभर एकाच क्षणी प्रदर्शित झाला. कुठे सकाळ, कुठे मध्यरात्र, पण पडदा सगळीकडे एकदमच उघडला. एवढा गाजावाजा करून आलेल्या या चित्रपटावर प्रेक्षक मात्र तेव्हाच नाराज झाले आणि अनेकांची नाराजी अजून गेलेली नाही. १९९९च्या पहिल्या भागाने माणूस यंत्रांच्या गुलामीतून सुटणार, अशी आशा लावली होती. २००३च्या मे महिन्यात आलेल्या दुसऱ्याने तिच्यात चार गाठी मारल्या. तिसऱ्यात नायक निओ यंत्रांच्या नगरीत जातो, त्यांच्या म्होरक्यासमोर उभा राहतो आणि बोलणी करतो. यंत्रं हरत नाहीत, माणसं जिंकत नाहीत. तह होतो आणि चित्रपट संपतो. यासाठी का आपण चार वर्षं थांबलो, असं लोकांना वाटलं. कमाईही दुसऱ्या भागापेक्षा बरीच कमी झाली.

चित्रपटात दोष आहेतच. झायन या भूमिगत शहरावरचा हल्ला गरजेपेक्षा लांबला आहे, आणि निओच्या प्रेयसीला, ट्रिनिटीला, मरताना इतकं बोलायला लावायचं काही कारण नव्हतं. पण या त्रयीतली सगळ्यात समजूतदार गोष्ट तिचा शेवट आहे, असं माझं मत आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याला ते पटवून द्यावं लागू नये. इथली कुठलीच मोठी लढाई कुणाच्या निर्भेळ विजयाने संपलेली नाही. गेटवर सभा होतात, घोषणा होतात, संप होतो, आणि एक दिवस नोटीसबोर्डावर कागद लागतो: करार झाला. तीन-चार वर्षांनी मुदत संपते, पुन्हा मागणीपत्रक जातं, पुन्हा बैठका. वेतनवाढ किती आणि त्या बदल्यात उत्पादन किती वाढवून द्यायचं, यावर घासाघीस चालते. यंत्र राहतं, माणूसही राहतो. कोणत्या अटींवर, एवढाच प्रश्न असतो.

तहाची लाज आपल्या इतिहासालाही नाही. १६६० साली शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी ऐन पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने लढला. शेवटी मोगलांनी जमिनीखालून सुरुंग नेऊन बुरूज उडवला आणि किल्ला द्यावा लागला. झायनवर यंत्रं अशीच जमीन पोखरत येतात. वरून खाली, एवढाच फरक. पुढे १६६५ला पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले. त्याला शेवट म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. हॉलीवूडच्या प्रेक्षकाला मात्र शत्रूचा किल्ला पडद्यावर कोसळलेला पाहिल्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत, आणि आपणही हळूहळू त्याच सवयीचे होत चाललो आहोत.

तह करायला हातात काहीतरी असावं लागतं, हे या चित्रपटाला नेमकं कळलं आहे. झायनची गोदी लढवणारा कॅप्टन मिफुने आणि त्याची माणसं कमालीच्या शौर्याने लढतात. ती उघड्या सांगाड्याच्या लढाऊ यंत्रांत उभी असतात आणि गोळ्या संपल्या की कुणीतरी हातगाडी ढकलत नवा साठा आणून भरायचा असतो. ते काम वय वाढवून सांगून भरती झालेल्या एका पोराकडे येतं. लाइनला माल पुरवणारा हेल्पर ज्याने पाहिला आहे, त्याला हा पोरगा लगेच ओळखता येईल. आजूबाजूला काय कोसळतं आहे ते बघायला त्याला सवड नसते, कारण लाइन थांबता कामा नये. पण या सगळ्या शौर्याने झायनला फक्त थोडा वेळ मिळतो. वाचवते ती वेगळीच गोष्ट. यंत्रांनीच बनवलेला स्मिथ त्यांच्या ताब्यातून सुटलेला असतो. तो सगळ्यांना आपल्यासारखं करत सुटतो आणि त्याला आवरणं यंत्रांना जमत नाही. निओ ते काम करून देतो म्हणतो, बदल्यात शांतता मागतो. समोरच्याची अडचण ओळखायची आणि तिची किंमत लावायची. वेतनकराराला बसणारा कुठलाही जुना युनियनवाला हेच करतो.

चाकणला आल्यावर मात्र या गणितातली एक बाजू उलटते. मेट्रिक्समध्ये यंत्रांना माणसांची गरज असते. माणसांच्या शरीरांतून ती वीज काढतात. इथली भीती नेमकी उलटी आहे. उद्या यंत्रांना आपली गरजच उरली नाही तर? फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला तो ३१ मार्च २००९ रोजी, म्हणजे अमेरिकेत पहिला 'मेट्रिक्स' लागला त्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी. योगायोगच, पण लक्षात राहणारा. आज या भागातल्या मोठ्या कंपन्यांच्या बॉडी शॉपमध्ये शिरलं तर रोबोंच्या ओळीच्या ओळी दिसतात. पत्रा आत येतो, चार-सहा हात एकदम वाकतात, ठिणग्या उडतात, हात मागे होतात. ठरावीक वेल्ड झाले की रोबो स्वतःच बाजूला वळून आपली टिप घासून घेतो. बजाज ऑटोने चाकणमध्ये २०१० पासून कुंपणाशिवाय माणसाच्या शेजारी काम करणारे छोटे यांत्रिक हातही आणले.

या बॉडी शॉपमधली एक साधी गोष्ट मला त्या सिनेमाच्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त पटते. रोबोच्या जाळीआड दुरुस्तीला जायचं असेल तर मेंटेनन्सचा माणूस वीज तोडतो, स्विचला स्वतःचं कुलूप घालतो, त्यावर स्वतःच्या नावाची लाल पट्टी अडकवतो आणि किल्ली खिशात टाकून मगच आत जातो. चौघे जाणार असतील तर चार कुलपं. शेवटच्या माणसाने आपलं कुलूप काढेपर्यंत ते यंत्र सुरू करायचा अधिकार साहेबालाही नसतो. माणूस आणि यंत्र यांच्यातला हा खरा तह आहे. त्याची अंमलबजावणी रोज होते आणि त्यात प्रत्येक माणूस नावानिशी मोजलेला असतो.

सिनेमातला तह इथेच लंगडा पडतो. निओने बोलणी केली ती एकट्याने. झायनच्या लोकांना ती होत असल्याचा पत्ताही नव्हता. मेट्रिक्सच्या, म्हणजे यंत्रांनी रचलेल्या आभासी जगाच्या, स्वप्नात झोपलेल्या कोट्यवधींना तर विचारायचा प्रश्नच नव्हता. शेवटी ज्यांना बाहेर पडायचं आहे त्यांना सोडलं जाईल, असं ते जग घडवणारा आर्किटेक्ट मान्य करतो. पण आपण आत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, तो बाहेर पडायची इच्छा कुठून आणणार?

ज्या कायद्याच्या आधारावर या पट्ट्याची कामगार चळवळ वाढली, त्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अठराव्या कलमात कोणता करार कुणाला बांधतो, हा फरक स्वच्छ मांडला होता. दोन पक्षांनी आपापसांत केलेला समझोता फक्त त्या दोघांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला समझोता मात्र त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो. जे आज आहेत त्यांना आणि उद्या लागतील त्यांनाही. म्हणून करार कुणी केला आणि कुठे बसून केला, याला इथे फार महत्त्व. १९८९ साली टेल्को कंपनीत कामगार नेते राजन नायर यांच्यामागे हजारो कामगार असताना व्यवस्थापनाने करार केला तो दुसऱ्या संघटनेशी. त्यातून शनिवारवाड्यासमोरचं उपोषण झालं आणि सप्टेंबरअखेर पोलिसांनी पहाटे येऊन ते उठवलं. २०१३ साली बजाजच्या चाकण कारखान्यात कामगार सुमारे पन्नास दिवस संपावर गेले. त्यांनी कंपनीचे सवलतीतले शेअर मागितले होते, म्हणजे नफ्यात थेट वाटा. उत्पादन दुसऱ्या कारखान्यांकडे हलवण्याची भाषा झाली आणि शेअर न मिळताच संप मागे घेतला गेला. काम हलवता येतं, हे एकदा समोरच्याने दाखवलं की मागणाऱ्याच्या हातातलं वजन कमी होतं. निओचं नशीब एवढंच की स्मिथला दुसरीकडे हलवता येत नव्हतं.

शिवाय हे सगळे करार मुख्यतः परमनंट कामगारांचे. त्याच लाइनवर, त्याच गणवेशात, फार तर कॉलरचा रंग वेगळा, असे कंत्राटी कामगार आणि ट्रेनी उभे असतात. सात-आठ महिन्यांनी ज्याला 'ब्रेक' मिळतो आणि जो मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दुसऱ्या गेटने आत जातो, त्याच्यासाठी नोटीसबोर्डावरचा तो कागद म्हणजे शेजारच्या घरचं लग्न.

चित्रपटातल्या शेवटच्या मारामारीमागे बृहदारण्यक उपनिषदातल्या ओळी गायल्या जातात, याचं आपल्याकडे कौतुक होतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सुरुवातीचा रेल्वे स्टेशनवरचा प्रसंग. निओला तिथे एक भारतीय कुटुंब भेटतं. बाप वीज केंद्राच्या पुनर्वापर विभागाचा व्यवस्थापक, आई सॉफ्टवेअर घडवणारी, आणि त्यांची लहान मुलगी सती. तिघंही खरं तर संगणकीय प्रोग्राम आहेत. सतीला कुठलंच नेमून दिलेलं काम नाही, आणि यंत्रांच्या जगात ज्याला काम नाही त्याला पुसून टाकतात. म्हणून आईबाप कुणातरी बड्या धेंडाशी व्यवहार करून तिला चोरून मेट्रिक्समध्ये नेत आहेत. यंत्रांच्या राज्यात यंत्रही सुरक्षित नाही, हे सांगायला दिग्दर्शकांना नोकरदार भारतीय बापच सुचावा, हे बोलकं आहे. आयटीआयचा कोणता ट्रेड घेतला तर पोरगं कंपनीत चिकटेल, या काळजीत असलेले बाप आकुर्डी आणि भोसरीत कमी नाहीत.

२०२१ साली आलेल्या चौथ्या भागाने या तहाचं पुढे काय झालं ते दाखवलं. माणसं बाहेर पडू लागली तशी वीज कमी पडली, यंत्रं आपसांत लढली आणि त्यांतली काही माणसांच्या बाजूला आली. चित्रपट म्हणून तो मला तिसऱ्याहून कच्चा वाटला, पण हिशोब बरोबर होता. प्रत्येक कराराची किंमत कुणीतरी भरतो, बहुधा बैठकीत न बसलेला.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. एका चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार फिसकटला. मग २०२३ साली ह्युंदाईशी करार झाला. त्यात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रसामग्रीही होती. वर्षानुवर्षं ती यंत्रं चालवलेल्या कामगारांचं काय, हा प्रश्न त्या कराराच्या बाहेर, आंदोलनांत आणि न्यायालयांत लढला गेला.