चंचल मूल, उदास मन आणि आपला निवाडा

भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे मॅंगनीजची भूमिगत खाण आहे. तिथे कच्च्या छताला आधार दिल्याखेरीज कामगाराला पुढे जाऊ देत नाहीत. घरातल्या मुलाला मात्र आपण आधी जाब विचारतो. आधाराचे नंतर पाहतो.

एडीएचडी असलेले मूल स्थिर बसत नाही, सांगितलेले विसरते. मकतबमध्ये सबक पाठ होत नाही, म्हणून रोज बोलणी खाते. अशा काही मुलांना पुढे नैराश्यही ग्रासते. ते पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून प्रकटते. मग आपण त्याला उद्धट ठरवतो, किंवा ‘ईमान कमकुवत’ म्हणून मोकळे होतो.

हा निवाडा इस्लामचा नव्हे. पुत्रवियोगाच्या शोकाने हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी गेली, असे सूरह यूसुफ सांगते. त्यांच्या ईमानवर शंका कोण घेईल? कुवतीपलीकडचा भार अल्लाह कोणावर टाकत नाही (२:२८६). आपण मात्र बिनदिक्कत टाकतो. हजरत अनस (रजि.) यांनी बालवयापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली, ‘हे का केलेस?’ असे त्यांना कधी ऐकावे लागले नाही.

दुआ अवश्य करा, उपचार करा, ही शिकवणही प्रेषितांचीच (स.) आहे. एका वेळी एकच सूचना द्या. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, दोन्ही विकारांवर उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर हराम-हलाल समजावण्याची ती घडी नव्हे. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.