कुकडीकाठची राख

पारनेर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून कुकडी नदी वाहते. निघोजजवळ तिने काळ्या कातळात प्रसिद्ध रांजणखळगे कोरले आहेत. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून खडक झिजवतात आणि त्यातून हे खळगे पडतात. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झिजवलेले खडक नदी पुढे गाळ म्हणून साठवते. निघोजच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे, कुकडीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच गाळात अश्मयुगीन माणसाची हातकुऱ्हाडींसारखी दगडी हत्यारेही. दख्खनमध्ये माणूस केव्हापासून वावरतो आहे, हा वाद या राखेभोवती बरीच वर्षे फिरत राहिला.

भारतातल्या अश्मयुगाचा शोध सुरू झाला तो दक्षिणेत. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार मिळाले. महाराष्ट्राचा अंतर्भाग मात्र त्यानंतरही बराच काळ नकाशावर कोराच होता. बेसाल्टपासून चांगली हत्यारे होत नाहीत, असाही एक समज होता. तो खोटा ठरवण्याचे श्रेय मुख्यतः पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ह. धी. सांकलिया यांचे. नाशिकजवळ गोदावरीकाठी सापडलेल्या हत्यारांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये आला. मग १९५४ ते १९५६ या काळात पारनेरच्याच, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे येथे उत्खनन झाले. तिथल्या जुन्या गोटेथरात बेसाल्टच्या हातकुऱ्हाडी होत्या, तर त्यानंतरच्या थरात चर्ट, जास्पर अशा दगडांच्या लहान तासण्या. हातकुऱ्हाडींनंतरचा एक वेगळा टप्पा त्यामुळे ओळखू आला आणि त्याला नेवाशाचेच नाव मिळाले. पुढे, १९६६ ते १९६९ मध्ये, गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी जवळच्या चिरकी नाल्याकाठी हातकुऱ्हाडींचे स्थळ खणले.

या सगळ्यातून क्रम कळला, वय नाही. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, एवढेच गाळ सांगतो. किती आधीचा, हे कळायला घड्याळ लागते. बोरीच्या राखेत ते मिळेल असे वाटले.

राखेतील काचकणांमध्ये पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. वितळलेल्या अवस्थेत जुना आर्गॉन निघून जातो, म्हणजे उद्रेकाच्या वेळी घड्याळ शून्यावर येते. पुढे साठलेला आर्गॉन मोजला की वय निघते. १९८९ मध्ये बोरीच्या राखेचे वय या रीतीने १४ लाख वर्षे असे जाहीर झाले. १९९५ मध्ये सुधारित मोजणीने ते ६ लाख ७० हजारांवर आणले. दरम्यान, ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महाउद्रेकाची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची, असे काही भूवैज्ञानिकांनी मांडले होते. ते खरे असेल, तर हातकुऱ्हाडी घडवणारे इथे फारच उशिरापर्यंत टिकले म्हणावे लागते, नाहीतर पुराने जुनी हत्यारे नव्या राखेशेजारी आणून टाकली म्हणावे लागते.

आकड्यांतल्या या ओढाताणीचे एक कारण अगदी स्थानिक आहे. खळगे कोरणारी नदी बेसाल्टची भुकटीही करते आणि ती राखेत मिसळते. साडेसहा कोटी वर्षांच्या खडकाचे थोडेसे कण नमुन्यात आले तरी त्यांच्यातला आर्गॉन वय फुगवतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काचकण निवडून वेगळे केले गेले. बोरी आणि बारामती तालुक्यातील मोरगाव इथल्या राखेची वये तेव्हा सात ते आठ लाख वर्षांच्या आसपास आली. टोबाचाच, पण फार जुना उद्रेक त्यांच्याशी जुळतो. दोन्ही उद्रेकांच्या राखेची रासायनिक घडण इतकी सारखी आहे की केवळ तिच्यावरून निवाडा करणे अवघड.

त्याच वर्षी तमिळनाडूतील अत्तिरमपक्कमच्या हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे ठरले. बोरीचा जुना १४ लाखांचा आकडा त्यामुळे अशक्य कोटीतला राहिला नाही. पण म्हणून तो बरोबरही ठरत नाही. अत्तिरमपक्कमची हत्यारे क्वार्ट्झाइटची असल्याने विश्वकिरणांमुळे त्यांच्यात तयार झालेले मूलद्रव्यांचे किरणोत्सारी प्रकार मोजून ती किती काळ गाडली गेली हे काढता आले. कुकडीकाठची हत्यारे बेसाल्टची. तिथे राखेचीच साक्ष काढावी लागते.